कायशुद्धी

चार वर्षांपूर्वी आमच्या गावी संघाचा चातुर्मास होता. भालकीकडचं आमचं गाव तसं लहानच. जैनांची घरं चाळीस-पन्नास. तरी चातुर्मास म्हटलं की घराघरात चौका लागतो, बाया पहाटे चारला उठून शोधाचं पाणी भरतात, आणि दहाच्या सुमारास दारात कलश-श्रीफळ घेऊन पडगाहनाला उभ्या राहतात. महाराजांचा पाय आपल्या घराकडं वळला की डोळ्यांत पाणी येतं. हे ज्यांनी अनुभवलंय त्यांना सांगायला नको.

त्या दिवशी महाराज आमच्या दाराशी थांबले. पाद्यपूजा झाली, अर्घ्य झाला. मग नेहमीप्रमाणे हात जोडून आम्ही म्हटलं की मन शुद्ध आहे, वचन शुद्ध आहे, काय शुद्ध आहे, आहार-जल शुद्ध आहे. 'काय शुद्ध' म्हणताना माझ्या जिभेला खारट चव लागली. रक्ताची चव. पहाटे दात घासताना आलेलं रक्त थांबलं असं मला वाटलं होतं. ते थांबलं नव्हतं.

मी गप्प राहिले. आहार दिला. कोणताही अंतराय न येता महाराजांचा आहार झाला. शेजारपाजारच्या बायांनी माझं पुण्य थोर म्हटलं. मी मात्र त्या दिवशी जेवले नाही. सूनबाईनं विचारलं तर म्हटलं, "डोकं दुखायलंय."

ज्यांना आमच्यातलं माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. आहार देणाऱ्याच्या अंगावर वाहती जखम असू नये, रक्त असू नये, असा नियम आहे. साधूंच्या आहाराचे जे बत्तीस अंतराय सांगितलेत, त्यांत रक्त दिसणं हाही एक. रक्त दिसलं की आहार तिथंच सुटतो, आणि मग दुसऱ्या दिवसापर्यंत पाणीसुद्धा नाही. म्हणजे माझ्या तोंडातली गोष्ट माझ्यापुरती नव्हती. मी खोटं बोलले होते, तेही हात जोडून.

*

खरं तर हे रक्त काही त्या दिवशीचं नव्हतं. सहा-सात वर्षं तरी येत होतं. आधी ब्रशला गुलाबी रंग लागायचा. मग पेरू चावला की फोडीवर लाल ठसा उमटायचा. मग सकाळी उठल्यावर उशीच्या अभ्र्यावर एखादा डाग. तोंडाला वास यायचा, म्हणून मी बोलताना पदर तोंडाशी धरायला शिकले. लोकांना वाटायचं, बाई किती मर्यादेनं बोलते!

आणि मी काय केलं? जे आपण सगळ्याच करतो तेच. जिथून रक्त यायचं तिथं ब्रश लावायचं सोडून दिलं. लवंगेचं तेल लावलं. तुरटीच्या पाण्यानं गुळण्या केल्या. कुणी मध आणि हळद चोळायला सांगितलं, पण मध आपल्याला वर्ज्य, म्हणून नुसती हळद चोळली. तुरटीनं रक्त घटकाभर थांबायचं आणि मला वाटायचं, गुण आला.

आमच्या घराण्यात दात म्हणजे जाणाराच अवयव. माझी आजी आळंद तालुक्यातली. तिला मिसरीची सवय होती. मशेरी म्हणतात ती हीच. तव्यावर तंबाखू काळी होईतो भाजायची, कुटायची, आणि ओसरीवर बसून बोटानं अर्धा-अर्धा तास दातांवर फिरवायची. जैनाच्या घरात तंबाखू कशी, असं आज आपण विचारू. पण त्या काळी ती तंबाखू नव्हतीच, ते 'दात घासणं' होतं. आजी अभिमानानं म्हणायची, "बग की, माझ्या हिरडीतनं कधी थेंब रक्त आलं नाही." आणि साठीच्या आत तिच्या तोंडात एक दात उरला नाही.

हे कोडं मला पुढं डॉक्टरीणबाईंनी सोडवून दिलं. तंबाखूनं हिरडीतल्या बारीक रक्तवाहिन्या आकसतात. आत हाड झिजत असतं, पण रक्त बाहेर येत नाही. म्हणजे चोर घरात शिरलाय आणि कुत्र्याचं तोंड बांधून ठेवलंय. सरकारनं 1992 साली दंतमंजनात आणि टूथपेस्टमध्ये तंबाखू घालायला बंदी केली, पण घरच्या तव्यावर भाजलेल्या मिसरीला कोण बंदी करणार? आजही आमच्या भागात शेतात जाणाऱ्या कितीतरी बाया दिवसातून तीनदा मिसरी लावतात. त्यांच्या तोंडाच्या कॅन्सरची भीती ही दात जाण्याच्याही पलीकडची.

आईनं मिसरी सोडली, पण राखुंडी धरली. गोवरीची राख, मीठ आणि कोळसा. दात पांढरे दिसायचे. पण भरड मंजनानं दाताचं वरचं आवरण घासलं जातं आणि हिरडी सोलून मागं सरते, हे तिला कोण सांगणार? पंचेचाळिशीत तिची कवळी झाली. माझं लग्न झालं तेव्हा तिनं मला निरोपाचं म्हणून जे सांगितलं त्यात हेही होतं, "आपल्याकडं दात लवकर जातात, मनाला लावून घेऊ नको."

तेव्हा दात जाणं हे मी कर्मासारखं मानलं होतं. आलंय ते भोगायचं.

*

दुसऱ्या दिवशी दुपारी मी संघातल्या माताजींकडं गेले. त्या स्वाध्याय करत होत्या. वंदामि करून बसले, आणि बोलता बोलता रडू आलं. सगळं सांगितलं.

माताजींनी आधी विचारलं, "किती दिवस झालं रक्त यायलंय?"

"सहा-सात वर्षं."

"दवाखान्यात दाखवलंस?"

"नाही."

"का?"

मला उत्तर सुचेना. मग म्हटलं, "माताजी, तुम्ही तर दातच घासत नाही. अदंतधावन हा मूलगुण आहे. म्हणून मला वाटलं, दातांची एवढी काळजी म्हणजे देहाचा मोहच की."

त्या हसल्या. म्हणाल्या, "अठ्ठावीस मूलगुण आहेत. त्यात एकदाच जेवणं आहे, जमिनीवर झोपणं आहे, केशलोच आहे. तू दिवसातून चार वेळा खातेस, गादीवर झोपतेस, आणि आमच्यातलं एक अदंतधावन तेवढं उचललंस? जे सोपं होतं तेवढंच घेतलंस होय?"

मला हसावं की रडावं कळेना.

मग त्या गंभीर झाल्या. रक्त आलं हा शरीराचा धर्म, म्हणाल्या. त्याचा दोष थोडा. पण आलेलं लपवलंस, तो दोष मोठा. प्रायश्चित्त म्हणून त्यांनी काही दिवस एका रसाचा त्याग आणि णमोकाराच्या माळा सांगितल्या. आणि वर म्हणाल्या, "दवाखान्यात जाऊन येणं हेही त्या प्रायश्चित्तातच धर. बरी होईपर्यंत आहार देऊ नकोस. धान्य निवड, दळण कर, तीही सेवाच आहे."

त्या रात्री घरी सगळ्यांसमोर बोलले. तेव्हा सूनबाई हळूच म्हणाली, "आई, माझ्यापण यायलंय. तीन महिने झाले. मी तुम्हाला म्हटलं होतं की."

म्हटलं होतं खरं. तिला सहावा महिना चालू होता. आणि मी तिला काय उत्तर दिलं होतं? "गरोदरपणात येतंच ते, सोड. प्रत्येक बाळंतपण एक दात घेऊन जातं." माझ्या आईनं मला जे दिलं तेच मी पुढं सरकवलं होतं.

*

बीदरला दंतवैद्यकाचं महाविद्यालय आहे, एस. बी. पाटील यांच्या नावाचं. कलबुर्गीला निजलिंगप्पा दंत महाविद्यालय आहे, अल-बदर आहे. आपल्या सीमाभागातल्या माणसाला दातांसाठी हैदराबाद-सोलापूरला पळायची आता गरज नाही. अशा महाविद्यालयांच्या दवाखान्यांत शिकणारी मुलं गुरुजींच्या नजरेखाली काम करतात, वेळ जास्त लागतो पण पैसे कमी लागतात. मी मात्र एका ओळखीच्या डॉक्टरीणबाईंकडं गेले. औरादकडच्या, कन्नड घरच्या, पण मराठी आपल्यासारखीच बोलणाऱ्या. आमच्याकडं तसंच असतं. मराठीत हिरडी, कन्नडात वसडु, आणि बाजारात दख्खनीत मसूडे. तीन भाषांत नावं माहीत, आणि तिन्ही भाषांत दुर्लक्ष!

त्यांनी आरसा माझ्या हातात दिला आणि दाताच्या मुळाशी बोट दाखवलं. दात आणि हिरडीच्या सांध्यात पिवळट-तपकिरी थर होता. मला तो दाताचाच रंग वाटायचा.

त्या समजावून सांगू लागल्या. मी बी.ए. झालेली, शास्त्राशी माझा संबंध बेताचा, पण त्यांनी इतकं सोपं करून सांगितलं की मी घरी येऊन वहीत लिहून ठेवलं. तेच इथं देते.

दात घासल्यावर काही तासांतच दातांवर एक चिकट, पातळ थर धरू लागतो. त्यात असंख्य जंतू असतात. हा थर मऊ असतो तोवर ब्रशनं निघतो. न निघाला तर लाळेतले क्षार त्यात बसून काही दिवसांत तो दगडासारखा होतो. तेच किटण. पाण्याच्या हंड्याला आतून पांढरा थर धरतो तसं समजा. किटण ब्रशनं निघत नाही, ते दवाखान्यातच काढावं लागतं. त्या जंतूंशी झगडायला शरीर हिरडीकडं जास्त रक्त पाठवतं. हिरडी सुजते, लाल होते, आणि जरा धक्का लागला की फुटते. म्हणजे रक्त ही हिरडीची ओरड आहे. आणि आपण काय करतो? जिथं ओरड येते तिथला ब्रश बंद करतो. तिथं थर आणखी साचतो, रक्त आणखी येतं.

नुसती हिरडी सुजलेली असेल तर ती पूर्ण बरी होते. पण सूज आत उतरली की दाताला धरून ठेवणारं हाड झिजू लागतं. दात आणि हिरडीमध्ये खिसे पडतात. मग दात हलतो. हे झिजलेलं हाड परत तसंच्या तसं येत नाही, पुढची झीज तेवढी थांबवता येते. आपल्याकडं मोठ्या वयात दात जातात ते बहुधा किडीपेक्षा या मुक्या रोगानं. दुखत नाही म्हणून मुका.

मी माझं समर्थन करत म्हटलं, "आमच्यात दशलक्षणात दहा-दहा दिवस उपवास करतात. त्यानं येत असेल."

त्या म्हणाल्या, "उपवासानं नाही. पण उपवासात दात घासत नाही ना?"

"नाही."

तेव्हा त्यांनी मला एक प्रयोग सांगितला. 1965 साली डेन्मार्कमध्ये हॅराल्ड लो नावाच्या दंततज्ज्ञानं निरोगी हिरड्यांच्या 12 जणांना दात घासणं पूर्ण बंद करायला लावलं. दहा ते एकवीस दिवसांत त्या सगळ्यांच्या हिरड्या सुजल्या. मग पुन्हा घासायला लावलं, तर आठवड्याभरात हिरड्या पूर्ववत झाल्या. हिरडीच्या सुजेचं मूळ दातावरच्या थरात आहे हे त्यातून स्वच्छ दिसलं.

मी मनात मोजलं. दहा दिवस. आमचं दशलक्षण पर्व बरोबर दहा दिवसांचं.

*

पण सगळ्यांच्याच रक्ताचं कारण एवढंच नसतं, आणि इथं मैत्रिणींनो, जरा नीट वाचा.

डॉक्टरीणबाईंनी मला विचारलं, "शुगर कधी तपासली?" मी म्हटलं, कधीच नाही. मला कसलाच त्रास नव्हता. त्यांनी फोटो काढून पाहिले होते. मागच्या दोन दाढांचं हाड बरंच गेलेलं होतं. थराच्या मानाने झीज जास्त वाटते, म्हणाल्या, रक्त तपासून या.

रिपोर्ट आला. उपाशीपोटी 168. तीन महिन्यांच्या साखरेचा आकडा 8.4.

मला मधुमेह होता. किती दिवसांपासून, देव जाणे. पायाला मुंग्या नाहीत, डोळ्यापुढं अंधारी नाही. माझ्या हिरड्या मात्र सांगत होत्या. मधुमेहात जंतूंशी लढायची ताकद कमी होते, म्हणून हिरडीचा रोग वाढतो. आणि हिरडीत सतत सूज राहिली की साखर आटोक्यात येणं अवघड होतं. दोन्ही एकमेकांना धरून चालतात. म्हणून एकीकडं हिरडी सुधारली की साखरेलाही थोडा हातभार लागतो.

आणखी कारणं अशी. गरोदरपणात शरीरातल्या बदलांमुळं हिरडी थोड्याशा थरानंही जास्त सुजते. बाळ आईच्या दातातला चुना ओढून घेतं हे खरं नाही. सूज, वारंवार उलट्या, आणि मळमळतं म्हणून घासण्यात होणारी हयगय, यांनी दात बिघडतात. पाळी जाण्याच्या वयात तोंड कोरडं पडतं, हिरड्या नाजूक होतात. हृदयासाठी रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील तर रक्त लवकर येतं, पण त्या गोळ्या आपल्या मनानं कधीही बंद करायच्या नाहीत, दोन्ही डॉक्टरांना सांगायचं. रक्तदाबाच्या आणि फिटच्या काही गोळ्यांनी हिरड्या फुगून दातांवर चढतात. कवळी नीट बसत नसेल तरी जखम होते.

आणि एक धोक्याची गोष्ट. हिरडीतून रक्त थांबता थांबत नाही, अंगावर न लागता निळे-जांभळे डाग उठतात, ताप आहे, खूप थकवा आहे, असं असेल तर तुरटी शोधत बसू नका. डेंग्यूत किंवा रक्ताच्या एखाद्या मोठ्या आजारातही असं होतं. त्याच दिवशी रक्त तपासून घ्या.

राहिली जीवनसत्त्व 'क'ची गोष्ट. शाळेत आपण स्कर्व्ही शिकलो. 1747 साली जेम्स लिंड या जहाजावरच्या डॉक्टरनं आजारी 12 खलाशांना दोन-दोनच्या जोड्या करून वेगवेगळे उपाय दिले. ज्या दोघांना संत्री आणि लिंबू मिळालं ते आठवड्याच्या आत उठून कामाला लागले. मला वाटलं, आपण दशलक्षणात हिरवं सोडतो, अष्टमी-चतुर्दशीला सोडतो, त्याचा हा परिणाम असेल. पण दहा दिवसांत स्कर्व्ही होत नाही, त्याला महिना ते तीन महिने लागतात. मात्र आमच्या एका चुलत सासूबाई अख्खा चातुर्मास फळं-भाज्या सोडून डाळ-भात-भाकरीवर राहतात. त्यांच्यासारख्यांनी विचार करायला हवा. वाळवलेला आवळा आपल्या पुष्कळ घरांत चालतो, आणि त्यात हे जीवनसत्त्व बऱ्यापैकी टिकतं. ज्याचा जो नियम असेल त्याप्रमाणे विचारून ठरवावं.

*

माझा उपचार तीन महिने चालला. आधी किटण काढलं. लोक म्हणतात, दात साफ करून घेतले की हलायला लागतात. मलाही तीच भीती होती. खरं असं आहे की हललेल्या दातांना किटणानं लिंपून धरलेलं असतं, पडक्या भिंतीला शेणाचा थर धरून ठेवतो तसं. आणि सूज उतरली की दातांमधल्या फटी दिसतात. फटी आधीच्याच असतात, आता दिसतात एवढंच. मग भूल देऊन हिरडीच्या आतली मुळं साफ केली. दोन दाढांपैकी एक वाचली, एक काढावी लागली. गुळण्यांचं औषध दोन आठवडेच दिलं. ते जास्त दिवस वापरलं तर दातांवर तपकिरी डाग पडतात आणि जेवणाची चव बदलते. ज्या बाया दुकानातून आणून वर्षानुवर्षं वापरतात त्यांनी हे लक्षात ठेवावं.

घासायची रीत नव्यानं शिकले, बावन्नाव्या वर्षी! मऊ ब्रश. तो दातावर आडवा न धरता तिरपा, दात आणि हिरडीच्या सांध्यावर टेकवायचा. जोर लावायचा नाही, भांडी घासतोय असं घासायचं नाही. हलक्या हातानं, जागच्या जागी हलवत, दोन मिनिटं. दातांच्या फटीत दोरा किंवा बारीक ब्रश. टाचणी, काडी, सेफ्टी पिन अजिबात नाही. पहिल्या आठवड्यात रक्त येतंच, तरी घासायचं. दहाव्या दिवशी मी थुंकले तर पाणी पांढरं होतं. मी सिंककडं बघत उभी राहिले. यांनी हाक मारली, "काय करायलीस?" म्हटलं, "काही नाही, बघायले."

एक अडचण होती. डॉक्टर सांगतात रात्री झोपताना घासा. आणि माझा रात्री चारही आहारांचा त्याग. पाण्याचा थेंब तोंडात घ्यायचा नाही. हे सांगताना मला वाटलं त्या वैतागतील. पण त्या खूश झाल्या. म्हणाल्या, "सूर्यास्तानंतर काहीच खात नाही? मग तुमच्याएवढं सोपं कुणाचं नाही! संध्याकाळचं जेवण झालं की लगेच घासा. त्यानंतर काही खायचंच नाही, म्हणजे रात्रभर तोंड स्वच्छ. बाकीचे लोक घासतात आणि वर दूध-बिस्कीट खातात." आपल्या पूर्वजांनी जी रीत घालून दिली, तिचा हा लाभ मला कधी दिसलाच नव्हता. आपण जेवतो, चूळ भरतो आणि उठतो, एवढ्यावरच थांबलेलो.

उपवासाच्या दिवसाचं मी माताजींनाच विचारलं. रत्नकरंड श्रावकाचारात समंतभद्र आचार्यांनी उपवासाच्या दिवशी काय सोडावं ते सांगितलंय. अलंकार, गंध, फुलं, स्नान, अंजन, नस्य. त्या यादीत दातांचं नाव मला सापडलं नाही. माताजी म्हणाल्या, ज्याचा जसा नियम आणि ज्याचे जे गुरू तसं त्यांनी करावं. पण निर्जल उपवास असला तरी कोरड्या मऊ ब्रशनं थर काढून थुंकता येतं, पोटात काहीच जात नाही. ज्याला मधुमेह आहे त्यानं तर उपवासच वैद्याला विचारून करावा. देह हे धर्माचं साधन आहे, साधन मोडून धर्म कसा होणार, असं त्या म्हणाल्या. मी दशलक्षणात आता एकाशन करते, उपवास नाही. सुरुवातीला लाज वाटली. आता वाटत नाही.

सूनबाईचे दातही त्याच आठवड्यात साफ करून घेतले. पोटुशीला दात साफ करायला मधले तीन महिने सगळ्यांत सोयीचे, असं कळलं. सुजलेल्या हिरड्या आणि वेळेआधीचं बाळंतपण यांचा संबंध अभ्यासकांना दिसलाय, हे ऐकून मी तिच्याकडं बघू शकले नाही. "सोड" म्हणाले होते मी. सगळं नीट झालं. नात दिवस भरून आली.

*

तो चातुर्मास मी चौक्याबाहेर बसून काढला. धान्य निवडलं, दळण केलं. बाया विचारायच्या, "तुमी का आत येत नाही? काय झालंय?" पहिल्या दिवशी जीभ अडखळली. मग सरळ सांगितलं, "हिरडीतनं रक्त यायलंय, औषध चालू आहे."

त्या दिवशी दुपारी एक बाई परत आली. सुपातली ज्वारी उगीच चाळत बसली आणि खालच्या आवाजात म्हणाली, "काकू, माझ्यापण येतंय." दुसऱ्या दिवशी आणखी एक. तिसरीच्या सासूबाईंना पाच वर्षं. सगळ्या लपवत होत्या, आणि सगळ्या चौक्यात जात होत्या. कुणाच्या मनात लबाडी नव्हती. आपल्यामुळं घरचं पुण्य चुकू नये एवढंच.

पर्वानंतर महिला मंडळाच्या बैठकीत मी हा विषय काढला. आपण पाठ घेतो, रांगोळी घेतो, हळदी-कुंकू घेतो. एकदा दात का नको? बीदरहून डॉक्टरीणबाई आल्या. छत्तीस बायांचे दात पाहिले. कुणाकुणाला रक्त येतं विचारल्यावर आधी एकही हात वर झाला नाही. मग मी माझा केला. मग एक-एक करत किती वर झाले ते मी मोजले नाहीत, पण खाली राहिलेले मोजायला सोपे होते.

आपलं कर्नाटक सरकार 'दंतभाग्य' योजनेतून गरीब वृद्धांना फुकट कवळी देतं. चांगलीच गोष्ट. पण कवळीची वेळ येऊच नये यासाठी लागतो तो एक मऊ ब्रश आणि दिवसाची चार मिनिटं. आजीला हे कुणी सांगितलं नाही, आईला नाही. मला कळलं तेव्हा एक दाढ गेली होती.

पुढच्या चातुर्मासात संघ दुसऱ्या गावी होता. आम्ही चौका घेऊन गेलो. पडगाहन झालं, पूजा झाली. हात जोडून चारही शुद्धी म्हटल्या. 'काय शुद्ध' म्हणायच्या आधी मी जीभ दातांवरून फिरवली, आता ती सवयच झालीय. उजवीकडं मागं, जिथं दाढ होती, तिथं जीभ क्षणभर अडखळली. खारट काही नव्हतं. मग म्हटलं.